गप्प राहायचं की बोलायचं?
वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

गेल्या अंकात अटकेच्या वेळच्या हक्कांविषयी लिहिताना अमेरिकेतल्या मिरांडा खटल्याचा मी एका ओळीत उल्लेख केला होता. बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरच आली आहेत. गोव्यात कुठल्याही वाड्यावर जा, कोणाचा मुलगा बोटीवर असतो, कोणाची मुलगी अमेरिकेत शिकते. तेव्हा ही चौकशी नुसत्या कुतूहलाची नाही, हे मी जाणते. यावेळी सगळी जागा त्याच पत्रांना देते.

फोंड्याहून एक आई लिहितात: मुलगा शिकायला न्यू जर्सीला गेला आहे. इंग्रजी मालिकांत पोलिस पकडताना म्हणतात, ‘तुला गप्प राहण्याचा अधिकार आहे.’ हे खरंच असतं का? त्याला पोलिसांनी थांबवलं तर त्याने काय करावं? तो तर तिथला नागरिकही नाही.

ताई, ते वाक्य खरं आहे. मात्र मालिकेत दाखवतात तसं बेडी घालताक्षणीच म्हणायला हवं असा नियम नाही. माणूस ताब्यात आहे आणि त्याची चौकशी करायची आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पोलिसांना ते सांगावं लागतं. रस्त्यात गाडी थांबवून चार प्रश्न विचारले, तर तिथे ते लागू होत नाही. गाडी चालवत असेल तर लायसन्स, गाडीचे कागद आणि विमा निमूटपणे दाखवायचे. हात दिसतील असे ठेवायचे, पळायचं नाही, वाद घालायचा नाही.

आता त्या वाक्यामागची हकिकत. मार्च 1963 मध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात अर्नेस्टो मिरांडा नावाच्या माणसाला अपहरण आणि बलात्काराच्या संशयावरून धरलं. दोन तासांच्या चौकशीनंतर पोलिस त्याच्या सहीचा कबुलीजबाब घेऊन बाहेर आले. त्या कागदावर वरती टाइप केलेलं होतं की, हा जबाब मी माझ्या कायदेशीर हक्कांची पूर्ण जाणीव ठेवून देत आहे. पण हक्क कोणते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी पंचनाम्यांखाली अशीच छापील वाक्यं असतात, म्हणून हा तपशील मला फार बोलका वाटतो. 13 जून 1966 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो जबाब पुराव्यातून बाद केला. मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालातच घालून दिलं की चौकशीआधी चार गोष्टी सांगायच्या: तू गप्प राहू शकतोस, तू बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, तुला वकील मिळू शकतो, आणि वकिलाचे पैसे नसतील तर सरकार वकील देईल. मिरांडा यामुळे सुटला, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. 1967 मध्ये खटला पुन्हा चालला आणि त्या जबाबाशिवाय, दुसऱ्या पुराव्यावर तो दोषी ठरला.

तुमच्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल मात्र त्याच्या पुढचा, 2010 सालचा आहे. मिशिगन राज्यात थॉम्पकिन्स नावाच्या संशयिताला त्याचे हक्क वाचून दाखवले होते. तो जवळजवळ पावणेतीन तास बसून होता. मधूनच एखादा शब्द, मान हलवणं, बाकी शांत. शेवटी पोलिसाने विचारलं, देवावर विश्वास आहे का? हो. प्रार्थना करतोस का? हो. त्या मुलाला गोळी घातलीस त्याबद्दल देवाकडे क्षमा मागतोस का? तो म्हणाला, ‘हो.’ तो ‘हो’ खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरला गेला आणि त्याला शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, नुसतं गप्प बसल्याने गप्प राहण्याचा हक्क बजावला असं होत नाही, तो बजावतो आहे हे तोंडाने सांगायला हवं. मला हा निकाल पटलेला नाही. तीन तास तोंड न उघडणारा माणूस आणखी काय सांगत असतो? न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी विरोधी निकालपत्रात हेच मांडलं. पण कायदा आज तसा आहे आणि मुलाला तो माहीत हवा.

म्हणून त्याला दोन वाक्यं पाठ करायला सांगा: ‘आय विश टू रिमेन सायलेंट. आय वाँट अ लॉयर.’ बस्स. त्यात ‘मे बी’, ‘आय थिंक’ घालायचं नाही. 1994 च्या एका खटल्यात नौदलातला एक जण म्हणाला होता, ‘बहुधा मी वकिलाशी बोलायला हवं.’ कोर्टाने ती वकिलाची स्पष्ट मागणी धरली नाही. आपल्या मुलांना पोलिसांशी असं नरमाईने, आडवळणाने बोलायची सवय असते, तीच तिथे अंगाशी येते. स्पष्ट मागणी केली की वकील येईपर्यंत पोलिसांनी चौकशी थांबवायची, हे 1981 पासून पक्कं आहे. आणि खोटं मात्र अजिबात सांगायचं नाही. केंद्रीय अधिकाऱ्याला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. गप्प राहणं गुन्हा नाही.

नागरिक नसल्याची काळजी तुम्ही लिहिली आहे. हा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. 1886 मध्येच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांच्या बाजूने निकाल दिला होता. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायला परवानगी लागे. दोनशेच्या आसपास चिनी माणसांनी अर्ज केले, सगळे फेटाळले. चिनी नसलेल्यांचे ऐंशीच्या आसपास अर्ज, एक सोडून सगळे मंजूर. ही माणसं चीनच्या बादशहाची प्रजा होती, तरी कायद्याचं समान संरक्षण त्यांनाही आहे, असं कोर्टाने ठरवलं. शिवाय 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी माणसाला अटक झाली तर आपल्या वकिलातीला कळवा, असं तो सांगू शकतो. न्यू जर्सीसाठी न्यूयॉर्कमधली आपली वकिलात आहे. तो नंबर मुलाने फोनमध्ये तर ठेवावाच, पण कागदावर लिहून पाकिटातही ठेवावा.

जाता जाता आपल्याकडचं सांगते, कारण मालिका पाहून इथल्या मुलांचाही गोंधळ होतो. गोव्यातल्या पोलिसाने ते वाक्य म्हटलं नाही म्हणून केस पडत नाही. आपली व्यवस्था वेगळी आहे आणि या एका बाबतीत अधिक कडक आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगत होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 सांगतं. अपवाद इतकाच, की त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. अमेरिकेत पोलिस ठाण्यातला जबाब थेट ज्युरीसमोर, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासमोर जातो, म्हणून तिथे ठाण्यातच इशारा लागतो. आपल्याकडे तो इशारा मॅजिस्ट्रेट देतात. कबुली नोंदवण्यापूर्वी ‘तू कबुली द्यायला बांधील नाहीस’ असं त्यांनी समजावून सांगायचं असतं.

पण एक चित्र मी रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी ठरवायला आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर आणतात तेव्हा, कितीदा पाहते. मॅजिस्ट्रेट कोकणीतून विचारतात, ‘पोलिसांआड कांय तक्रार आसा?’ म्हणजे पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पोरगा उत्तर देण्याआधी बाजूला उभ्या असलेल्या शिपायाकडे बघतो. मग मान हलवतो, नाही. पाच मिनिटं त्याच्याशी वेगळं बोलायला मिळालं, तर तोच पोरगा शर्ट वर करून पाठ दाखवतो. म्हणून घरच्यांनो, अटकेचं कळल्याबरोबर वकील शोधा. पहिल्या रिमांडला तो हजर हवा, तिसऱ्या तारखेला नव्हे.

पेडण्याहून एक वाचक: माझे मिस्टर क्रूझवर आहेत. मागच्या वेळी मायामीला उतरताना त्यांचा फोन उघडून बघितला. त्यात आमचे घरचे फोटो होते. अमेरिकेत असं करायला कोर्टाचा हुकूम लागतो, असं ऐकलं होतं.

ऐकलं ते बरोबर आहे, पण ते सरहद्दीच्या आतलं. 2014 मध्ये रायली खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं की, अटक केलेल्या माणसाचा फोन पोलिसांनी उघडायचा तर वॉरंट हवं. सॅन डिएगोमध्ये नोंदणीची मुदत संपलेली गाडी थांबवली आणि तिथून पोलिस चालकाच्या फोनमधल्या फोटोंपर्यंत पोचले होते. खिशात सापडलेलं पाकीट आणि फोन यांत फरक आहे, फोनमध्ये माणसाचं सगळं खासगी आयुष्य असतं, ही गोष्ट कोर्टाने मानली. 2018 मध्ये त्याच वाटेने पुढे जाऊन, माणूस कुठे कुठे गेला हे दाखवणाऱ्या मोबाइल टॉवरच्या नोंदींसाठीही वॉरंट लागेल असं ठरलं. त्या खटल्यात पोलिसांनी एका माणसाच्या 127 दिवसांच्या नोंदी काढल्या होत्या.

पण बंदर आणि विमानतळ ही सरहद्द. तिथे झडतीचे नियम फार पूर्वीपासून सैल आहेत आणि कस्टम्सचे अधिकारी वॉरंटशिवाय फोन तपासतात. तुमचे मिस्टर सी-वन-डी, म्हणजे बोटीवरच्या कर्मचाऱ्यांच्या व्हिसावर उतरतात. पासवर्ड द्यायला नकार दिला तर त्यांना उतरू न देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याकडे आहे, फोनही ठेवून घेतला जाऊ शकतो. तिथला नागरिक असेल तर त्याला देशात घ्यावंच लागतं, बोटीवरच्या गोवेकराला नाही. हा फरक मला अन्यायाचा वाटतो, पण नोकरी पणाला लावून तो तिथे बंदरावर लढायचा नाही. उपाय साधा आहे. बोट बंदराला लागण्याआधी खासगी फोटो दुसरीकडे साठवून फोनमधून काढून टाकायचे, आणि सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक), करारपत्र, कंपनीचं पत्र यांच्या छापील प्रती हाताशी ठेवायच्या. म्हणजे कागद दाखवायला फोन काढावाच लागत नाही.

सत्तरीतून एक निवृत्त मास्तर: 19 डिसेंबरला मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात आमच्या शाळेतली एक मुलगी राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहिली, पण गायली नाही. तिच्या घरचा पंथ तसा आहे. पालक समितीतले काही जण तिला शाळेतून काढा म्हणतात. कायदा काय सांगतो? आणि आपली कोर्टं असल्या बाबतीत अमेरिकेचे निकाल वाचतात म्हणे, ते कशासाठी?

मास्तर, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण समितीने ठराव करण्याआधी तुम्ही विचारलंत. त्या मुलीला काढता येणार नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 1986 रोजी अगदी हाच प्रश्न सोडवला आहे. केरळात बिजो इमॅन्युएल आणि त्याच्या दोन बहिणी, जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची मुलं. राष्ट्रगीताला रोज आदराने उभी राहत, गात मात्र नसत. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी स्पष्ट लिहिलं की, राष्ट्रगीत गायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही, आदराने उभं राहिल्यावर अपमान होत नाही, आणि मुलांना काढल्याने त्यांच्या अभिव्यक्तीच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्याचा भंग झाला. 1971 च्या कायद्याने गुन्हा ठरतो तो राष्ट्रगीत म्हणू न देण्याचा किंवा त्यात व्यत्यय आणण्याचा. तुमची मुलगी तर शांत उभी होती.

त्या निकालात अमेरिकेतले दोन खटले चर्चेला घेतले आहेत, आणि त्यांची गोष्ट पालक समितीला वाचून दाखवण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल गावी त्याच पंथाच्या भावाबहिणीला झेंड्याला सलामी दिली नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. जून 1940 मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली. युरोपात युद्ध पेटलेलं, देशप्रेमाची लाट. निकालानंतर त्या पंथाच्या लोकांवर गावोगाव हल्ले झाले, त्यांची प्रार्थनाघरं जाळली गेली. एकट्या हार्लन स्टोन यांनी विरोधी मत लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी ते मुख्य न्यायाधीश झाले. ज्यांनी शाळेच्या बाजूने मत दिलं होतं त्यांतल्या तिघांना, म्हणजे ब्लॅक, डग्लस आणि मर्फी यांना, आपलं चुकलं हे पटलं. मग वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट कुटुंबाच्या लहान मुलींचा खटला आला आणि 14 जून 1943 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरला. तो दिवस त्यांच्याकडे झेंडादिन असतो. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की देशभक्ती कशी असावी हे कोणताही सरकारी अधिकारी, मोठा असो की लहान, ठरवून देऊ शकत नाही, आणि नागरिकाकडून ते तोंडाने वदवून घेऊ शकत नाही. अमेरिका तेव्हा स्वतः महायुद्धात होती, हे लक्षात घ्या.

आपली कोर्टं असे निकाल वाचतात ते बंधन म्हणून नव्हे. आपल्या घटनेचा मूलभूत हक्कांचा भाग लिहिताना अमेरिकेची घटना समोर होती, प्रश्न पुष्कळदा तेच येतात, आणि तिथे आधी कोणाची कशी चूक झाली हे कळतं. तुम्ही समितीपुढे केरळचा निकाल ठेवा. मुलीला बोलावून चारचौघांत जाब विचारू देऊ नका, एवढी विनंती.

मडगावची कायद्याची विद्यार्थिनी विचारते: कोर्टाने एकदा दिलेला हक्क कोर्टच काढून घेऊ शकतं का? गर्भपाताच्या निकालावर आमच्या वर्गात खूप वाद झाला.

बाय, काढून घेऊ शकतं, आणि घेतला. अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 22 जानेवारी 1973 चा रो निकाल 24 जून 2022 रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने डॉब्स खटल्यात रद्द केला. प्रश्न होता मिसिसिपी राज्याच्या पंधरा आठवड्यांच्या बंदीचा, पण पाच न्यायाधीशांनी मूळ हक्कच पुसला आणि विषय राज्यांकडे सोपवला. घटनेत गर्भपाताचा शब्द नाही आणि देशाच्या इतिहासात त्या हक्काची मुळं सापडत नाहीत, हा बहुमताचा मुख्य आधार. मला तो युक्तिवाद धोक्याचा वाटतो. ज्या काळाच्या इतिहासात बायकांना मतच नव्हतं, तिथे त्यांच्या हक्कांची मुळं शोधायची कशी?

आपल्याकडे हा हक्क मुळात संसदेच्या 1971 च्या कायद्यातून आला, 2021 मध्ये काही बायकांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली. वर्गात पुढचा वाद घालाल तेव्हा उलट दिशेचं उदाहरणही घ्या. 1976 मध्ये, आणीबाणीत, बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दादसुद्धा मागता येणार नाही असं आपल्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी म्हटलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मान्य करताना तो जुना निकालही मोडीत काढला. तसं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, आणि मोडीत निघालेल्या बहुमतात त्यांचे वडील होते. दोन्ही निकालपत्रं मुळातून वाच, गाइड वाचून परीक्षेपुरतं भागवू नकोस.

डिचोलीहून एक बहीण: भाऊ कोलवाळच्या तुरुंगात आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. अमेरिकेत कोर्ट फुकट वकील देतं, आपल्याकडे गरिबाने काय करायचं?

ताई, आपल्याकडेही देतं, आणि तुमच्या भावाला तो मिळायलाच हवा.

अमेरिकेत हे घडवलं ते क्लॅरेन्स गिडियन नावाच्या एका फाटक्या माणसाने. फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका पूल-हॉलमध्ये (बिलियर्डसारखा खेळ खेळायच्या जागी) 1961 मध्ये चोरी झाली, मशिनमधली चिल्लर गेली. गिडियनने न्यायाधीशांसमोर वकील मागितला, उत्तर मिळालं की तो फक्त फाशीच्या गुन्ह्यात देतात. स्वतःच खटला लढला, पाच वर्षं शिक्षा झाली. तुरुंगाच्या रेघी कागदावर पेन्सिलीने त्याने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. 18 मार्च 1963 रोजी कोर्टाने एकमताने सांगितलं की गंभीर गुन्ह्यात गरिबाला राज्याने वकील दिलाच पाहिजे. पुन्हा खटला चालला तेव्हा त्याच्या वकिलाने मुख्य साक्षीदाराला उलटतपासणीत उघडं पाडलं आणि ज्युरीने तासाभरात त्याला निर्दोष सोडलं. माणूस तोच, आरोपही तोच, फक्त शेजारी वकील होता.

आपलं सुप्रीम कोर्ट एक पाऊल पुढे आहे. 1986 च्या सुक दास खटल्यात अरुणाचलमधल्या आरोपीने वकील मागितलाच नव्हता, म्हणून दिला नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मानलं नाही. ज्याला हक्क आहे हेच ठाऊक नाही तो मागणार कसा? सांगण्याची जबाबदारी मॅजिस्ट्रेटची, आणि वकिलाशिवाय दिलेली ती शिक्षा रद्द झाली.

आता काय करायचं ते ऐका. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बायकांनाही लागत नाही, तेव्हा तुमचं स्वतःचं काही काम असेल तरी हेच कलम. डिचोलीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती कुठे आहे ते विचारा, अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. भावाचं नाव, पोलिस ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक आणि पुढची तारीख एवढं घाला. भाऊ तुरुंग अधीक्षकांमार्फत आतूनही अर्ज पाठवू शकतो. फोनवर विचारायचं तर 15100. नेमलेल्या वकिलाला फी समिती देते, तुम्ही एक पैसाही द्यायचा नाही. कोणी मागितला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.